मागच्या डाव्या चाकाची हवा मीटरवर दिसत नाही : सेन्सर गेला की आणखी काही?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. गाडी पेट्रोल, सहा वर्षांची, ५८ हजार किलोमीटर झालेत. चारही चाकांत कंपनीचेच हवेचे सेन्सर आहेत, मीटरवर चार आकडे दिसतात. गेले दहा-बारा दिवस मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकडा येत नाही, नुसत्या दोन रेघा. सकाळी गाडी काढली की पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग लागून राहतो. कधी अर्ध्या तासाने आकडा येतो, पाच-दहा मिनिटं राहतो आणि परत गायब. बाकी तीन चाकांचे आकडे व्यवस्थित.

शोरूमला दाखवली. त्यांनी गाडीला हातही न लावता सांगितलं, "सेन्सरचं वय झालं, चारही बदला." अंदाज वीस हजारांच्या वर दिला. पैसे देता येतील, पण तपासल्याशिवाय द्यायचे नाहीत. महिन्यातून दोनदा आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी संभाजीनगरला नेतो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड असा रस्ता. परत यायला रात्र होते, सध्या उसाच्या ट्रॉल्या सुरू आहेत. चौथ्या चाकात हवा किती हे कळत नसताना ती गाडी चालवायला मन घेत नाही. घरच्या घरी काय काय तपासता येईल?

जालन्याचा पाना | रविवार, रात्री १०.२५

भाऊ, जालन्यात टायरचं दुकान आहे माझं, बावीस वर्षं हेच काम. पहिलं काम हवा मोजायचं. सेन्सरचं नंतर. गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी चाक फिरायच्या आधी चांगल्या गेजने चारही चाकं मोजा, आकडे इथं टाका. पंपावरच्या गेजवर जाऊ नका, दिवसातून दहा वेळा आपटतो तो. हाताचा डिजिटल गेज घेऊन ठेवा. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आणि दिवा कसा लागतो ते तुम्ही नीट लिहिलंत, बरं केलंत. चावी फिरवल्यावर लगेच लागून राहिला तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा कमी. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग लागून राहिला तर यंत्रणेतच बिघाड. दोन्हीला दिवा एकच, सांगणं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं. तुमचा दिवा बिघाडाचा आहे. तरी हवा मोजाच.

कंधारी | रविवार, रात्री ११.०५

पाना मामा बरोबर सांगूलालेत. माझ्या गाडीत बी दिवा लागायचा. दोन महिने म्या लक्षच दिलं नाही. वाटलं सेन्सर खराब झाला आसंल, चाक तर बरं दिसूलालंय. नांदेडहून हिंगोलीला जाताना मागचं चाक बसलं, टायरची बगल पार फाटली. बायकापोरं गाडीत होती. देवाची कृपा, स्पीड कमी होता. दुसरं चाक मोजलं तर त्यात १७. म्हंजी दिवा खरं बोलूलालता. नुसतं डोळ्यानं बघून हवा कळत नाही, मांजराकाठ दादा. आजकालच्या टायराची बगल कडक असती, हवा निम्मी झाली तरी चाक उभंच दिसतं.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ७.५०

कंधारी भाऊ, वाचून पोटात गोळा आला. सगळे सुखरूप राहिले, फार बरं झालं.

आज सकाळी साडेसहाला मोजली. पुढचं डावं २८, पुढचं उजवं २८.५, मागचं उजवं २८, मागचं डावं (रेघा दिसणारं) २८. स्टिकरवर ३३ आहे. मी परवाच बीडहून आल्या आल्या पंपावर चारहीत ३३ भरली होती. चारही चाकं एकाच वेळी कशी उतरली? चारहींना पंक्चर तर नसेल!

दुधनाकाठची | सोमवार, सकाळी ९.१५

पंक्चर नाही, दादा. मी सेलूची, इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. थंडी आणि तापलेला टायर, दोन्हींचा हिशेब आहे हा. बीडहून धावून आलेल्या टायरातली हवा ४५ अंशांच्या आसपास तापलेली असणार. त्यात ३३ भरली. सकाळी हवा ११ अंशांवर आली की तीच हवा २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, गेजवरचा आकडा) भरते. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून गणित करताना आधी १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्व्हिनमध्ये (अंश सेल्सिअस अधिक २७३) घ्यायचं: ४७.७ गुणिले २८४ भागिले ३१८ बरोबर ४२.६, त्यातून १४.७ वजा केले की २७.९. तुमचा गेज अगदी बरोबर दाखवतोय. ढोबळ मानाने दर दहा अंशांमागे दीड पीएसआय धरा. आमच्या परभणीकडच्या थंडीत सकाळी निम्म्या गाड्यांचे दिवे लागतात ते यानेच, आणि दुपारी विझले की लोक म्हणतात सेन्सर वेडा झालाय.

हवा थंड टायरात भरायची. लांबून आल्यावर भरावीच लागली तर भरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. आणि धावलेल्या टायरात ३७ दिसले म्हणून काढून टाकू नका.

आता तुमच्या रेघांबद्दल. चाकात व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला एक छोटी डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा भाग, रेडिओ आणि नाण्यासारखी लिथियमची बॅटरी, सगळं रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं. आपल्याकडे बहुतेक डब्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकी गाड्यांत ३१५. प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी चाकाला त्या क्रमांकाने ओळखते. बॅटरी वाचावी म्हणून गाडी उभी असताना डबी जवळजवळ झोपलेली असते, चाक फिरायला लागलं की जागी होऊन साधारण मिनिटाला एकदा बोलते. म्हणून गाडी काढल्यावर पहिली काही मिनिटं रेघा दिसणं हा दोष नाही. अर्धा तास दिसणं हा दोष.

बॅटरी पाच ते दहा वर्षं जाते. तुमची सहा झाली. मरत आलेली बॅटरी थंडीत आधी हात टेकते आणि टायर तापल्यावर परत उठते, तेव्हा संशय तिच्यावर जातो खरा. पण चारांपैकी एकच का गेली, हे मला खटकतंय.

जालन्याचा पाना | सोमवार, सकाळी १०.४०

ताई, मलाही तेच खटकतंय. चारही गायब असते तर सेन्सरकडे बघितलंच नसतं. ऐकणारं यंत्र, फ्यूज, वायरिंग तिकडे गेलो असतो. एकच गायब म्हणजे बहुतेक चाकातलाच घोटाळा. भाऊ, त्या चाकाचं मध्यंतरी काही काम झालं का? पंक्चर? टायर डिस्कवरून काढला होता का?

औसा रोड | सोमवार, दुपारी १.१०

डॅशकॅम किंवा स्वस्तातला मोबाइल चार्जर असेल तर काढून बघा. माझ्या गाडीत नवीन चार्जर लावल्यावर दोन चाकांचे आकडे जात होते, रिमोटही जवळ गेल्याशिवाय चालत नव्हता. चार्जर काढला, सगळं जागेवर आलं.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९.०५

आज डॅशकॅम आणि चार्जर दोन्ही काढून तीस किलोमीटर चालवली. फरक नाही. रिमोट लांबूनही चालतो.

पाना मामा, तुमच्या प्रश्नावर आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी केजच्या अलीकडे रात्री लोखंडाचा तुकडा घुसला होता, कदाचित ट्रॉलीचा असेल. काप मोठा होता, वात घालून भागलं नाही. रस्त्याकडेच्या एका भल्या माणसाने रात्री साडेदहाला दुकान उघडून टायर काढला आणि आतून पॅच मारून दिला. यंत्र नव्हतं त्याच्याकडे, पहारीने काढला. ते चाक मागचं डावंच! त्यानंतर आठवड्याने रेघा सुरू झाल्या. मी या दोन गोष्टी जोडल्याच नव्हत्या.

जालन्याचा पाना | सोमवार, रात्री ९.३०

आता धागा लागला. तरी अंदाजावर टायर खोलायचा नाही. चाकांची अदलाबदल करा. मागचं डावं पुढे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं आडवं बदलू नका, त्याच बाजूचं पुढचं-मागचं बदला.) दोष चाकाबरोबर गेला तर सेन्सर. जागेवरच राहिला तर गाडीतला भाग. पुढची हवा मागची हवा वेगळी असेल तर बदलल्यावर हवा नीट करून घ्या.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ८.२०

अदलाबदल केली. वीस किलोमीटर चालवली. रेघा अजूनही मागच्या डाव्या जागीच आहेत! म्हणजे सेन्सर चांगला आणि गाडीतला भाग गेला का? हा खर्च तर आणखी मोठा असेल.

औसा रोड | मंगळवार, रात्री ८.४५

हो, मग रिसीव्हरच, म्हणजे गाडीतलं ऐकणारं यंत्र. शोरूमला जावंच लागेल.

दुधनाकाठची | मंगळवार, रात्री ९.१०

थांबा, घाई करू नका. यात एक मोठी मेख आहे.

गाडी चाकाला क्रमांकाने ओळखते असं मी लिहिलं होतं. काही गाड्या कोणतं चाक कुठे आहे ते धावता धावता स्वतः शोधतात. पुष्कळ गाड्या शोधत नाहीत. त्यांच्या वहीत जुनी नोंद तशीच असते: अमुक क्रमांक म्हणजे मागचं डावं. ते चाक तुम्ही पुढे उजवीकडे लावलं तरी मीटरवर त्याचा आकडा मागच्या डाव्या जागीच उमटतो. तुमची गाडी अशी असेल तर "रेघा जागेवरच राहिल्या" याचा अर्थ अगदी उलटा निघतो.

ओळखायला सोपं आहे. आत्ता मागे डावीकडे लागलेल्या चाकाची (म्हणजे पूर्वीचं पुढचं उजवं) हवा चार-पाच पीएसआय कमी करा, थोडं चालवा, आणि मीटरवर कोणत्या जागचा आकडा उतरतो ते बघा. मग लगेच परत भरून घ्या.

जालन्याचा पाना | मंगळवार, रात्री ९.२५

ताई, शंभर टक्के. हे मीच सांगायला पाहिजे होतं. दुकानात चाकं बदलल्यावर मशिनने नोंद नवी करून देतो म्हणून लिहिताना सुटलं. माफ करा भाऊ, एक दिवस हकनाक काळजीत गेला तुमचा.

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ८.४०

माफी कसली मामा! तुम्ही दोघं नसता तर मी काल रात्रीच शोरूमची वेळ घेतली असती.

निकाल असा. मागे डावीकडे लागलेल्या चाकाची हवा ३३ वरून २८ केली. पाच किलोमीटरवर मीटरवर पुढच्या उजव्या जागचा आकडा २८ झाला. चाक मागे, आकडा पुढे. म्हणजे माझी गाडी जुन्याच नोंदीवर चालते, आणि रेघा दाखवणारं चाक आता खरंतर पुढे उजवीकडे आहे. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊनही ते गप्पच, आणि त्याच कोपऱ्यातलं जुनं चाक मागे जाऊनही बोलतंय. सेन्सरच ना आता?

दुधनाकाठची | बुधवार, सकाळी ९.००

आता सेन्सरच. टायर खोलायच्या आधी एवढं करा: टीपीएमएसचं (चाकातल्या हवेच्या सेन्सरांच्या यंत्रणेचं) हाती यंत्र असलेलं दुकान शोधा. ते यंत्र व्हॉल्व्हजवळ धरलं की १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने डबीला जागं करतं. डबी आपला क्रमांक, दाब, तापमान सांगते, बॅटरीची स्थितीही बहुतेकदा कळते. चारही चाकांना लावून घ्या. चारही बदलायचे की एक, हे तिथेच ठरेल. ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा जोड) घेऊ नका यासाठी. तो बहुधा इंजिनचेच कोड वाचतो, हवेच्या यंत्रणेपर्यंत पोचत नाही.

वसमतची सून | बुधवार, दुपारी १२.३०

मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या गाडीत आकडे नाहीतच, फक्त दिवा आहे. हवा बरोबर भरली तरी दिवा जात नाही. माझाही सेन्सर गेला का?

जालन्याचा पाना | बुधवार, दुपारी १.१५

ताई, तुमच्या चाकात सेन्सर नसेलच बहुतेक. अशा गाड्या एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाचा वेग बघतात. हवा कमी झाली की चाक जरा लहान होतं आणि तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं, त्यावरून अंदाज बांधतात. हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर गाडीला "आता हे बरोबर आहे" असं सांगावं लागतं. बटण असतं किंवा मीटरच्या मेनूत रिसेट असतं, पुस्तकात बघा. पण आधी थंड टायरात गेजने बरोबर हवा, मगच रिसेट. कमी हवेवर रिसेट केलं तर गाडी तीच हवा बरोबर समजून बसेल आणि खऱ्या वेळी गप्प राहील. आणखी एक, चारही चाकं सारखीच हळूहळू उतरली तर अशी यंत्रणा फसू शकते. महिन्यातून एकदा गेज लावाच.

वसमतची सून | बुधवार, संध्याकाळी ६.००

बटण स्टिअरिंगच्या खालीच होतं! हवा मोजून रिसेट केलं, दिवा गेला. खूप आभार दादा.

मांजराकाठ | शनिवार, रात्री १०.१५

आज आईला घेऊन संभाजीनगरला गेलो होतो. दर शंभर किलोमीटरला थांबून गेजने ते चाक मोजत गेलो. आईची तपासणी होईपर्यंत गाडी एका टायरच्या दुकानात दिली. त्यांच्याकडे हाती यंत्र होतं. तीन चाकांनी लगेच उत्तर दिलं, तिघांचीही बॅटरी ठीक. चौथ्याला चार वेळा लावलं, एकदाच बोललं, परत गप्प.

टायर माझ्यासमोर काढला. डबीचा कोपरा फुटलेला, आणि व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी डिस्कच्या कडेला पहारीचा चकाकता ओरखडा. फुटलेल्या फटीतून ओल जाऊन आतला भाग हिरवट झाला होता. केजजवळच्या त्या माणसाला मी दोष देत नाही. त्या रात्री आई गाडीत होती आणि त्याने झोपेतून उठून आम्हाला मार्गी लावलं. चूक माझी, या चाकात सेन्सर आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

एकच सेन्सर बदलला. फिटिंग, बॅलन्सिंग धरून चार हजार तीनशे. नव्या डबीत जुन्याचाच क्रमांक उतरवून दिला, त्यामुळे गाडीला वेगळं शिकवावं लागलं नाही. चाकंही जुन्या जागी लावून घेतली. बाकी तिघांचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी टायर बदलाल तेव्हा परत तपासा, तेव्हा टायर उघडलेलेच असतील, मजुरी वेगळी पडणार नाही.

जालन्याचा पाना | शनिवार, रात्री १०.४०

वा भाऊ! दुकानदाराने योग्य सल्ला दिला.

आता सगळ्यांसाठी सांगतो, कारण माझ्या धंद्यातल्या माणसांकडूनच हे होतं. पंक्चरवाल्याकडे टायर काढायची वेळ आली तर आधी सांगा, "व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे." ज्याला माहीत आहे तो मशिनचा दाबणारा फाळ व्हॉल्व्हपासून लांब ठेवतो आणि पहार व्हॉल्व्हजवळ घालत नाही. व्हॉल्व्ह धातूचा असेल तर आतली पिन निकेलचा मुलामा असलेलीच घाला. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून अशी जाम होते की पिन काढताना व्हॉल्व्ह तुटतो. पितळी टोपणाचंही तेच, प्लास्टिकचं टोपण बरं. टायरात पंक्चरचं द्रव टाकलं असेल तर लपवू नका, ते डबीच्या भोकात बसलं की दाब चुकीचा दाखवतं. वेळेवर सांगितलं तर धुऊन पुसून देता येतं.

कंधारी | शनिवार, रात्री ११.००

मामा, माझ्या जुन्या गाडीत कंपनीचं काही नाही. ते टोपणावाणी बाहेरून लावायचे सेन्सर घ्यावं का? त्या दिवसापासून मनात भीती बसलीय.

जालन्याचा पाना | रविवार, सकाळी ७.३०

घ्या, अण्णा. काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण लावल्यावर साबणाचं पाणी टाकून बघा, बुडबुडा यायला नको. नीट बसलं नाही तर त्याच्यातूनच हवा जाते. रबरी व्हॉल्व्ह जुने असतील तर आधी ते बदला, वजनाने वाकून फाटतात. त्यातली बॅटरी आपली आपण बदलता येते. आणि पोरांना घेऊन समृद्धीने जाणार असाल तर चढायच्या आधी गेज लावा. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, त्या वेगात कमी हवेचा टायर फार लवकर तापतो.

दुधनाकाठची | रविवार, सकाळी ८.१०

मांजराकाठ दादा, आईंचे डोळे कसे आहेत? आणि एक राहिलं, तुमच्या गाडीत स्टेपनी आहे ना? २०२० च्या ऑक्टोबरपासून ट्यूबलेस टायर, हवेची यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे, म्हणून विचारते. असेल तर तीही मोजा. स्टेपनीत बहुतेक वेळा सेन्सर नसतो.

मांजराकाठ | रविवार, सकाळी ९.२०

आईचं ठीक आहे ताई, डॉक्टर म्हणाले आता दोन महिन्यांनी या. तुम्ही विचारलंत हे तिला सांगितलं, तिने आशीर्वाद सांगितलाय.

आज सकाळी दिवा लागला नाही. थंड टायरात गेजवर ३३, ३३, ३३, ३३. चालवल्यावर पाच मिनिटांत मीटरवर चारही आकडे आले. स्टेपनी आहे. आत्ता मोजली, १९ निघाली. हवा भरायला चाललोय.